दरबाराचे दार

ख्रिस्ती उपासनेतून विस्मय हरवला, ती केवळ रविवारचा रिवाज होऊन बसली, अशी खंत ख्रिस्ती जगात वारंवार व्यक्त होते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही खंत परकी वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी तिला शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात उत्तर देऊ पाहिले होते.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांचा बराच काळ अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेला. मिशनच्या उपासनेचे केंद्र प्रवचन हे होते. परकी चालींत बसवलेल्या भाषांतरित गीतांत मराठी ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण होई. देव समजावून सांगितला जाई. त्याच्यापुढे स्तब्ध होण्याला वाव थोडा होता. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या टिळकांनी ती वाट अभंग आणि भजनांनी रुंद केली. त्यांची अनेक गीते पुढे 'उपासना संगीत'मध्ये आली.

ह्या रचनांत ख्रिस्त गुरू आहे, तशीच माउलीही आहे. आदर म्हणजे अंतर, अशी आपली समजूत असते. संतांनी विठ्ठलाला 'तू' म्हटले, त्याच्याशी भांडणही केले. तरी त्यांचा विस्मय उणावला नाही. आमच्या मते टिळकांनी संतांकडून घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट वृत्त नव्हे, तर सलगीतून उपजणारा हा आदर होय.

१९१७ साली मिशनची सेवा सोडून, संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ज्या गावाने १८४८ साली छत्रपतींचे राज्य खालसा होताना पाहिले, तिथे 'दरबार' हा शब्द पोकळ नव्हता. दरबारात माणूस अदबीने उभा राहतो. पण टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, अशी कल्पना होती.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. मराठी ख्रिस्ती समाजातील पुष्कळ लोक महार आणि मांग कुटुंबांतून आले होते. ज्यांचा चोखोबा पंढरीत देवळाबाहेर राहिला, त्यांनी त्याच परंपरेचे टाळ पुन्हा हाती का घ्यावेत? ह्याचे उत्तर चालींत नाही, दारात आहे. लादलेल्या अंतरातून भय निर्माण होते. आत येण्याचा हक्क मिळाल्यावर जो माणूस आपणहून थबकतो, त्याचे थबकणे हीच श्रद्धा.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नव्हती. गाणी मात्र उरली. वर्गात आपण त्यांच्या अभंगांचे रसग्रहण करतो, अलंकार मोजतो. ते अनेक कंठांनी, एका ठेक्यात, कोणासमोर तरी उभे राहून गाण्यासाठी लिहिले गेले, हे विद्यार्थ्यांना सांगायचे राहून जाते. तेवढे सांगितले, तरी त्या दाराची कडी काढल्यासारखे होईल.