भांग, वैद्यकशास्त्र आणि वेड्यांच्या इस्पितळांतील तक्ते

औषध या नात्यानें भांगेविषयीं वैद्य-डॉक्टरांचीं मतें कसकशीं बदलत गेलीं, याचा विचार करतांना व्यसनाच्या नीतिविषयक चर्चेकडेच बहुधा लक्ष जातें. परंतु उपलब्ध साधनें पाहतां या मतांतराच्या मुळाशीं नीतीपेक्षां दोन गोष्टी अधिक होत्या असें दिसतें: मात्रेची अनिश्चितता आणि अपरीक्षित कागदांवरील विश्वास. त्यांचें दिग्दर्शन करण्याचा येथें उद्देश आहे.

आपल्या वैद्यकास ही वनस्पति नवी नव्हे. शार्ङ्गधरसंहितेंत 'व्यवायी', म्हणजे पचनापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्यांत, अफूबरोबर भांगेचा निर्देश आहे. भावप्रकाशानें ती कफहारक व पाचक, तशीच मोहकारकहि म्हटली आहे. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें तिच्यामुळें भूक वाढते व मन उल्हसित होतें, असें इतरांकडून ऐकलेलें नमूद केलें. पण ती आपल्या औषधांपैकीं नव्हे म्हणून विषय आवरता घेतला.

पाश्चात्य वैद्यकांत तिचा खरा प्रवेश कलकत्त्यास झाला. तेथील मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनीं प्रथम जनावरांवर, नंतर संधिवात, पटकी, धनुर्वात इत्यादि रोगांवर प्रयोग करून १८३९ सालीं आपला निबंध सादर केला. जलसंत्रासाचा रोगी वांचला नाहीं, केवळ त्याच्या यातना कमी झाल्या, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. मात्रा अल्प ठेवावी असा त्यांचा इशारा होता. पुढें लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनीं तिचा अर्क तयार केला आणि ब्रिटिश फार्माकोपियांत तिला स्थान मिळालें.

तथापि एका बाटलींतील अर्क तीव्र, तर दुसरींतील निरुपयोगी, असा अनुभव डॉक्टरांस वारंवार येऊं लागला. भांगेची राळ पाण्यांत विरघळत नसल्यामुळें ती सुईनें टोंचतां येईना. अफूचें सत्त्व, मॉर्फिन, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच हातीं आलें होतें. भांगेचें मुख्य सत्त्व शुद्ध स्वरूपांत मिळण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. ज्याची मात्रा निश्चित नाहीं, त्यावर चिकित्सकाचा भरंवसा कसा बसावा? १९३२ सालीं ब्रिटिश व १९४२ सालीं अमेरिकन फार्माकोपियांतून तिचें नांव गळलें.

दुसरी गोष्ट वेड्यांच्या इस्पितळांची. गांजानें वेड लागतें, या समजुतीस तेथील वार्षिक तक्त्यांचा मोठा आधार असे. १८९३ सालीं नेमलेल्या सात सभासदांच्या कमिशनानें या तक्त्यांचीच परीक्षा केली. ओशॉनेसी यांच्याच कॉलेजांत रसायनशास्त्र शिकविणारे सर्जन-मेजर वॉर्डन त्यांत होते. मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत होत असल्यामुळें हा प्रश्न महाराष्ट्रासहि परका नव्हता. चौकशींत आढळलें तें असें कीं, वेडाचें 'कारण' हा रकाना रोग्याबरोबर आलेल्या पोलिसांच्या कागदावरून भरला जाई. रोगी गांजा ओढीत असे एवढें कळलें कीं कारण ठरलें! १८९२ सालच्या २२२ रोग्यांचें वेड गांजा-भांगेमुळें आलें अशी नोंद होती. छाननीअंतीं त्यांपैकीं केवळ ९८ रोग्यांच्या बाबतींत ती ग्राह्य ठरली, आणि त्यांतहि कित्येकांस अन्य कारणें जोडलेलीं होतीं. मर्यादित सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो, असें मत देऊन कमिशनानें सरसकट बंदीऐवजीं कर व परवाने सुचविले. दोन हिंदी सभासदांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें.

यावरून भांग निरुपद्रवी ठरते असें नव्हे. ९८ हा आंकडाहि शून्य नव्हे. परंतु ज्या डॉक्टरांनीं ते तक्ते सही करून वर पाठविले, त्यांचें मत स्वतःच्या निरीक्षणाचें नसून शिपायाच्या टिपणाचें होतें, आणि तेंच पुढें शास्त्र म्हणून वावरलें. डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें भांगेस अत्यंत कडक यादींतून वगळलें, तेव्हां हिंदुस्थानचें मत वगळण्याच्या बाजूनें पडलें. औषधी उपयोगाचा विचार आज पुनः चालू आहे. त्या वेळीं रकाना कोणी भरला आणि कशावरून भरला, हा प्रश्न वैद्यानेंहि प्रथम विचारावा. कारण त्या रकान्यावर रोग्याची उपचारसंधि अवलंबून असते.