त्वचेच्या बायॉप्सीचे बिलिंग कोड

त्वचेच्या बायॉप्सीचे बिलिंग कोड : अमेरिकेत त्वचेचा काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टने तपासला की त्या तपासणीचे बिल मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेकडे किंवा विमा कंपनीकडे पाच अंकी कोड लावून जाते. हे कोड ‘सीपीटी’ या संचातले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तो १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींसाठी त्यात ८८३००, ८८३०२, ८८३०४, ८८३०५, ८८३०७ आणि ८८३०९ अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहतात. पुढच्या पाचांत सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही येते.

त्वचेची नोंद यांतल्या तीनच पायऱ्यांवर आहे. प्लॅस्टिक सर्जरीत काढलेली, निरोगी समजली जाणारी त्वचा ८८३०२ मध्ये. सिस्ट, स्किन टॅग आणि जखम साफ करताना खरवडून काढलेला भाग ८८३०४ मध्ये. बाकी सगळी त्वचा ८८३०५ मध्ये. ‘बाकी सगळी’ हे अक्षरशः घ्यायचे. तीळ, चामखीळ, अंगावरच्या पुरळाची पंच बायॉप्सी, बेसल सेल कार्सिनोमा, मेलानोमा हे सारे एकाच कोडखाली येतात. तीन मिलिमीटरच्या पंचला जो कोड, तोच मेलानोमासाठी भोवतालच्या निरोगी कडेसह काढलेल्या मोठ्या तुकड्याला, मग त्याचे मेणात बसवलेले कितीही ब्लॉक करावे लागोत. कडा तपासल्या म्हणून पायरी चढत नाही, कर्करोग निघाला म्हणूनही नाही. पॅथॉलॉजिस्टच्या श्रमांचा विचार केला तर ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही. पण कोड लावणाऱ्याला तीच पाळावी लागते.

चुका होतात त्या मुख्यतः ८८३०४ आणि ८८३०५ यांच्या सीमेवर. सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरने ‘सिस्ट’ लिहिले आणि स्लाइडवर बेसल सेल कार्सिनोमा दिसला, तर कोड ८८३०५. उलट संशयास्पद गाठ म्हणून आलेला नमुना साधी एपिडर्मल सिस्ट ठरला, तर ८८३०४. म्हणून अंतिम अहवाल हाती येईपर्यंत कोड ठरवू नये. त्वचेखालच्या गाठींचा हिशेब वेगळा आहे. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, ८८३०४ मध्ये बसते. मऊ ऊतींमधल्या इतर गाठीची बायॉप्सी किंवा साधी छाटणी थेट ८८३०७ वर जाते.

बिलातली संख्या नमुन्यांवरून ठरते. ब्लॉक किंवा स्लाइड मोजायच्या नसतात. स्वतंत्र तपासणी आणि स्वतंत्र निदान व्हावे म्हणून वेगळा ओळखून पाठवलेला तुकडा म्हणजे एक नमुना. पाठीवरचा आणि दंडावरचा तीळ नावे घातलेल्या दोन डब्यांतून आले तर ८८३०५ दोनदा लागतो. एकाच डबीत खुणेवाचून टाकलेले चार तुकडे हा एकच नमुना.

जादा कामाला जादा कोड आहेत. बुरशी किंवा जंतू शोधणाऱ्या विशेष रंजनाला ८८३१२, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या पहिल्या अँटिबॉडीला ८८३४२ आणि त्याच नमुन्यावरच्या पुढच्या प्रत्येकीला ८८३४१. स्लाइड एका प्रयोगशाळेत तयार होऊन दुसरीकडे वाचली गेली, तर तयार करणारा ‘टीसी’ आणि वाचणारा ‘२६’ हा मॉडिफायर जोडतो. २०१३ साली मेडिकेअरने ८८३०५ च्या तांत्रिक भागाचा दर निम्म्याहून अधिक उतरवला. त्वचेच्या प्रयोगशाळांचा बराचसा धंदा या एका कोडवर चालत असल्याने तो घाव वर्मी बसला.

तुकडा काढणाऱ्या डॉक्टरचे कोड निराळे. २०१९ पासून वरवर तासून घेतलेल्या बायॉप्सीला १११०२, पंचला १११०४ आणि छेद घेऊन केलेल्या बायॉप्सीला १११०६ लागतो. मोस शस्त्रक्रियेत एकच डॉक्टर कापतो आणि स्लाइडही वाचतो. १७३११ पासूनच्या तिच्या कोडमध्ये ही तपासणी धरलेली असल्याने त्याच ऊतीसाठी वर ८८३०५ लावता येत नाही.

बिलावर आयसीडी-१०-सीएम मधला निदानाचा कोडही हवा. येथे डी४८.५ चा गैरवापर फार होतो. अहवाल आलेला नाही म्हणून ‘अनिश्चित’ या अर्थाने अनेक जण तो लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात स्लाइड पाहूनही पेशींची वागणूक सौम्य की घातक हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, तेव्हाच तो वापरायचा. अहवालाआधी बिल करणे भागच असेल, तर प्रकार न ठरलेल्या गाठीसाठी डी४९.२ आहे.

अमेरिकन रुग्णालयांच्या कोडिंगचे पुष्कळ काम भारतात होते, त्यात पुण्या-मुंबईचे कोडरही आहेत. सुधारित सीपीटी संच दरवर्षी १ जानेवारीला आणि आयसीडी-१०-सीएमची नवी आवृत्ती १ ऑक्टोबरला लागू होते. बिलात सेवेच्या तारखेला चालू असलेलाच कोड धरला जातो.