तहसील, महसूल, हशील : अरबी नाम आणि क्रियापदाची ओळख

अकोले तहसील कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत उभं असताना आपण अरबी व्याकरणाच्या उंबरठ्यावर उभे आहोत, असं कुणाच्या मनात येणार नाही. पण 'तहसील', तिथे भरायचा 'महसूल' आणि कंटाळून तोंडातून निघालेलं 'यात काय हशील?' हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. धातू ह-स-ल, अर्थ हाती येणे. हासिल म्हणजे हाती आलेले, महसूल म्हणजे मिळवलेले, तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया. ('वसूल' मात्र या घरातला नाही. त्याचा धातू व-स-ल, म्हणजे पोहोचणे.)

कचेरीतलाच दुसरा धातू न-ज़-र, पाहणे. त्यातून नजर, पाहणारा तो नाझर, आणि पाहून मान्य केलेले ते मंजूर. आपली मुलं मकतबात जो 'नाज़िरा' कुरआन शिकतात, तो शब्दही इथलाच. नाज़िरा म्हणजे पाहून वाचणे. आमची अडचण इथेच सुरू होते. मूल पाहून अस्खलित वाचतं, पण शाळा मराठी माध्यमाची, उर्दू कच्ची आणि व्याकरणाची पुस्तकं बहुतेक उर्दूत. मग वाचलेलं समजायचं राहून जातं. म्हणून ही ओळख सरळ मराठीतून.

अरबीत शब्दाचे प्रकार तीनच : इस्म, फ़ेअल आणि हर्फ़. इस्म म्हणजे नाम, पण आपली विशेषणं आणि सर्वनामंही त्यातच मोडतात. फ़ेअल म्हणजे क्रियापद. हर्फ़ म्हणजे 'मिन', 'फ़ी', 'इला' असे छोटे जोडशब्द. इस्म आणि फ़ेअल बहुतेक तीन अक्षरांच्या धातूतून साच्याने घडतात. करणारा सांगायचा तर 'फ़ाइल' हा साचा : कातिब, हाकिम, खादिम. ज्यावर क्रिया झाली ते सांगायचं तर 'मफ़ऊल' : मकतूब, मजकूर, मशहूर. साचे ओळखू यायला लागले की नवा शब्दही अर्धा ओळखीचा वाटतो.

इस्म ओळखायची सोपी खूण म्हणजे आधी 'अल' किंवा शेवटी तनवीन. 'किताबुन' म्हणजे कुठलंतरी एक पुस्तक, 'अल-किताबु' म्हणजे ते ठरावीक पुस्तक. दोन्ही खुणा एकत्र येत नाहीत. खरिपाचा भात काढून रब्बीचा हरभरा पेरणारा शेतकरी जो शब्द बोलतो, तोच 'रबीउल अव्वल'मध्ये आहे. मधला 'उ' पेश आणि 'ल' हा 'अल'चा.

लिंगं दोनच. मराठीतलं 'ते' अरबीत नाही. शिवाय शम्स, म्हणजे सूर्य, तिथे स्त्रीलिंगी आहे! वचनं मात्र तीन. दोनासाठी वेगळं रूप असतं आणि ते आपण रोज वापरतो : वालिदैन म्हणजे आई-वडील दोघे, हरमैन शरीफ़ैन म्हणजे दोन आदरणीय हरम. विशेषणानेही नामाबरोबर द्विवचन घेतलं, हे लक्षात आलं का? अनेकवचन कधी शेपटी लावून होतं (मुस्लिमून, मुस्लिमात), तर कधी शब्द आतून मोडून : किताबचं कुतुब, मस्जिदचं मसाजिद. मराठीने अशी मोडकी अनेकवचनं बिनधास्त एकवचनी केली. अवलिया हे वलीचं अनेकवचन, उमराव अमीरचं, आणि 'बडी असामी'तली असामी तर खुद्द इस्मचंच!

आता सर्वांत नाजूक भाग, एराब. मराठीत नामाला ला, ने, चा लागतात. अरबीत शेवटची मात्रा बदलते. कर्त्याला पेश, कर्माला ज़बर, हर्फ़ाच्या मागे किंवा 'चा'च्या नात्यात ज़ेर. म्हणून 'अल्लाहु अकबर'मध्ये पेश आणि 'बिस्मिल्लाहि'मध्ये ज़ेर. ही मात्रा शोभेची नाही. परंपरेत सांगतात की सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत कुणीतरी 'रसूलुहू'च्या जागी 'रसूलिही' वाचलं. मूळ अर्थ असा की अल्लाह मुश्रिकांपासून मुक्त आहे आणि त्याचे रसूलही. एका ज़ेरने रसूलच त्या मुश्रिकांच्या रांगेत जाऊन बसले. ते ऐकून बसऱ्याचे अबुल अस्वद दुअली (मृत्यू हिजरी 69) यांनी मात्रांसाठी ठिपके लावायला सुरुवात केली, असं म्हणतात. आपण मुलांना ज़ेर-ज़बरवर टोकतो ते उगाच नाही.

क्रियापदाचे मुख्य काळ दोन. माज़ी म्हणजे झालेलं, मुज़ारे म्हणजे होत असलेलं किंवा होणारं. माज़ीत खूण शब्दाच्या शेवटी लागते : कतबा (त्याने लिहिले), कतबत (तिने), कतब्तु (मी), कतब्ना (आम्ही). मुज़ारेत खूण पुढे येते : यक्तुबु, तक्तुबु, अक्तुबु, नक्तुबु. पूर्ण गर्दान चौदा रूपांची आहे. ती पाठच करावी लागते, दुसरा उपाय नाही. मराठी माणसाची एक चूक इथे हमखास होते. आपण 'तिने पत्र लिहिले', 'तिने चिठ्ठी लिहिली' म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माकडे बघतं. अरबीत ते कर्त्याकडेच बघतं. पत्र असो की चिठ्ठी, 'कतबत'च.

सूरह फ़ातिहातले 'नअबुदु' आणि 'नस्तईनु' आता पुन्हा पाहा. सुरुवातीचा 'न' म्हणजे आम्ही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे, अरबीत दोन्हींना एकच. इथे मात्र 'आम्ही'च घ्यायचं, कारण ज्याच्याशी बोलतोय तो त्यात धरलेला नाही. 'अऊज़ु'मधला 'अ' म्हणजे मी.

राहिला अम्र, म्हणजे आज्ञार्थ. वहीचा पहिला शब्द 'इक़रअ' हा अम्रच. त्याचा धातू क़-र-अ. क़ारी आणि क़ुरआनही त्यातलेच. 'इक़रअ' हे एका पुरुषाला उद्देशून असलेलं रूप आहे. घरी मुलीला 'वाच' म्हणायचं असेल तर 'इक़रई'.