सुपरसिमेट्री आणि डार्क मॅटर: विश्वातलं न दिसणारं द्रव्य आलं कुठून?

यवतमाळच्या शेतातून रात्री दिसणारे तारे असोत की पायाखालची काळी माती, हे सगळं ज्या पदार्थाचं बनलं आहे तो विश्वाचा जेमतेम ५ टक्के हिस्सा आहे. साधारण २७ टक्के हिस्सा डार्क मॅटरचा म्हणजे कृष्णद्रव्याचा, तर उरलेला ६८ टक्के डार्क एनर्जीचा.

कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, अडवतही नाही. मग ते आहे हे कळलं कसं? १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहिल्याच नसत्या. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनी हीच गोष्ट एकेका दीर्घिकेबाबत दाखवून दिली.

सुपरसिमेट्री म्हणजे काय?

निसर्गात दोन प्रकारचे मूलकण आहेत: इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारखे फर्मिऑन आणि फोटॉनसारखे बोसॉन. सुपरसिमेट्रीनुसार प्रत्येक कणाला दुसऱ्या गटातला एक जोडीदार असतो. इलेक्ट्रॉनचा सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क. या नव्या कुटुंबातला सर्वात हलका कण अनेक मॉडेलांमध्ये न्यूट्रलिनो असतो. त्याला विद्युतभार नाही आणि तो आणखी हलक्या कणांत मोडत नाही. म्हणजे न दिसणारा आणि टिकणारा. कृष्णद्रव्याला हेच दोन गुण लागतात.

ते उरलं कसं?

जत्रेतलं गच्च भरलेलं मैदान डोळ्यासमोर आणा. प्रत्येकजण आपला जोडीदार शोधतोय आणि जोडी जमली की दोघं मैदानाबाहेर पडतात. गर्दीत जोड्या पटापट जमतात. पण मैदानच पसरत गेलं तर? माणसं विरळ होतात, भेटी थांबतात आणि काहीजण तिथेच उरतात.

महास्फोटानंतर असंच घडलं असावं. प्रचंड उष्णतेत न्यूट्रलिनो सतत तयार होत आणि एकमेकांना भेटून नष्टही होत. विश्व थंड झाल्यावर नवे बनणं थांबलं, प्रसरणामुळे भेटीही थांबल्या. पहिल्या सेकंदाचा दहा लाखावा भाग सरण्याआधीच त्यांची संख्या ठरून गेली. गंमत म्हणजे अशा कणांवर दुर्बल अणुबल काम करतं असं धरलं, तर उरणारं प्रमाण आज मोजलेल्या कृष्णद्रव्याच्या जवळ जातं.

पुण्याच्या रोहिणी गोडबोले

या विषयातलं जगभर ओळखलं जाणारं मराठी नाव म्हणजे डॉ. रोहिणी गोडबोले. १९५२ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शिक्षण, पुढे आयआयटी मुंबई आणि नंतर बेंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये संशोधन. मॅन्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासोबत त्यांनी सुपरसिमेट्रीच्या कणांवर पाठ्यग्रंथ लिहिला. २००१ मधल्या एका शोधनिबंधात त्यांनी सहकाऱ्यांसह वेगळा प्रश्न हाताळला: हिग्ज बोसॉन दोन न्यूट्रलिनोंमध्ये मोडून 'अदृश्य' होऊ शकतो का, आणि कृष्णद्रव्याचं प्रमाण त्यावर काय मर्यादा घालतं? हिग्ज सापडला तो त्यानंतर ११ वर्षांनी. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

मग सापडलं का?

अजून नाही. जिनिव्हाजवळच्या एलएचसीमध्ये एकही जोडीदार कण दिसलेला नाही. मुंबईची टीआयएफआर तिथल्या सीएमएस प्रयोगात सहभागी आहे. अमेरिकेत जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर १० टन द्रव झेनॉन घेऊन बसलेल्या एलझेड प्रयोगाच्या २०२४ च्या निकालातही कृष्णद्रव्याच्या कणाची खूण नव्हती.

यातून सुपरसिमेट्रीची सोपी मॉडेलं अडचणीत आली आहेत. संपूर्ण कल्पना मात्र बाद झालेली नाही. जोडीदार कण अधिक जड असू शकतात किंवा कृष्णद्रव्य अ‍ॅक्सिऑनसारख्या वेगळ्याच कणांचं असू शकतं. त्यामुळे 'डार्क मॅटर सापडलं' असा मेसेज आला तर एवढं लक्षात ठेवावं: त्याचं गुरुत्वाकर्षण दिसलं आहे, त्याचा कण अजून कुणालाच मिळालेला नाही.