कागदावरचे अकरा : कोणाचा खेळ कोणाला दिसला?

आजचा धागा अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा आहे. १८९९ सालच्या नोव्हेंबरात टेनेसी राज्यातल्या डोंगरमाथ्यावरील सवानी या लहानशा विद्यापीठाचा संघ रेल्वेने दौऱ्यावर निघाला. ९ तारखेला टेक्सास, १० ला टेक्सास ए अँड एम, ११ ला तुलेन. १२ ला रविवार, म्हणून विश्रांती. १३ ला लुइझियाना स्टेट आणि १४ ला मिसिसिपी. सहा दिवसांत पाच सामने, सुमारे २,५०० मैलांचा प्रवास, पाचही विजय; आणि पाचांपैकी एकाही प्रतिपक्षाला एकही गुण मिळाला नाही.

त्या हंगामात सवानीने बाराच्या बारा सामने जिंकले. ३२२ गुण मिळवले, गमावले केवळ १०. तेही एकाच सामन्यात, जॉन हाइझमन यांच्या ऑबर्न संघाविरुद्ध, जो सवानीने ११-१० असा जिंकला.

वर्षअखेरीस वॉल्टर कॅम्प यांनी देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंची ‘ऑल-अमेरिका’ यादी प्रसिद्ध केली. तीत सवानीचा एकही खेळाडू नव्हता.

हा अन्याय हेतुपुरस्सर होता का? उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि म्हणूनच ते रंजक आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचे, प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेपावून पाडायचे, असा हा अमेरिकी खेळ. संघ मात्र येथेही अकरांचाच, आणि त्या काळी तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. खेळाला रग्बीपासून वेगळे रूप देणाऱ्या नियमांमागे मुख्यतः येल विद्यापीठाच्या या वॉल्टर कॅम्प यांचीच बुद्धी होती. त्यामुळे त्यांच्या शब्दाला स्मृतिग्रंथाइतके वजन आले.

कागदावर अकरा जणांचा संघ मांडण्याचा छंद आपल्याकडील क्रिकेटवेड्यांना नवा नाही. अमेरिकेत त्याला प्रतिष्ठा लाभली ती १८८९ साली. त्या वर्षी कॅस्पर व्हिटनी या क्रीडालेखकाने पहिली ऑल-अमेरिका यादी छापली. तिच्यात कॅम्प यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे वाद आजही चालतात. अकरापैकी पाच प्रिन्स्टनचे, तीन येलचे, तीन हार्वर्डचे. नाव ‘ऑल-अमेरिका’, प्रत्यक्षात तीन विद्यापीठे! क्वार्टरबॅक होता प्रिन्स्टनचा एडगर ॲलन पो, त्याच नावाच्या सुप्रसिद्ध कवीच्या कुळातला. एंडच्या जागी होता येलचा एमस अलोन्झो स्टॅग. हे दुसरे नाव लक्षात ठेवा.

कॅम्प त्या वेळी स्वतः येलचे प्रशिक्षक होते, हे पाहून आज आपल्या भुवया उंचावतील. परंतु निव्वळ पक्षपात म्हणून हे प्रकरण निकाली काढता येत नाही. त्या हंगामात प्रिन्स्टनने येलला १०-० असे हरवले होते आणि यादीत सर्वाधिक खेळाडू प्रिन्स्टनचेच होते. माझ्या मते खरी मर्यादा दृष्टीची होती. चलच्चित्र नाही, आकाशवाणी नाही. सामने बहुधा शनिवारी, हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. म्हणजे एका माणसाने दर आठवड्याला गाडी पकडली तरी त्याच्या वाट्याला दहाबारा सामने येणार. त्यात कॅम्प न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरीला होते. कामामुळे स्वतःच्या येल संघाच्या सरावालाही त्यांना रोज जाता येत नसे. त्यांच्या पत्नी ॲलिस मैदानावर जाऊन सराव पाहत आणि संध्याकाळी घरी त्यांना वृत्तांत सांगत. ज्याला स्वतःच्या संघाचा सराव पत्नीच्या डोळ्यांनी पाहावा लागे, त्याला टेनेसीतला डोंगर कसा दिसावा?

पश्चिमेची गोष्टही अशीच. येथे ‘पश्चिम’ म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे, तर शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिन हा आज मिडवेस्ट म्हणून ओळखला जाणारा प्रदेश. १८८९ ते १८९७ या नऊ वर्षांत ऑल-अमेरिकेच्या पहिल्या अकरांत तिकडचा एकही खेळाडू आला नाही. १८९८ साली ही कोंडी फोडली शिकागो विद्यापीठाच्या क्लॅरेन्स हर्शबर्गर याने. त्याचा प्रशिक्षक कोण? येलचा तोच स्टॅग, जो १८९२ साली शिकागोला गेला होता. हर्शबर्गर गुणी होताच. पण ज्याच्याविषयी सांगणारा माणूस कॅम्प यांच्या ओळखीचा, त्याचे नाव न्यू हेवनपर्यंत लवकर पोहोचले असावे, असे मला वाटते. नाहीतर १९०१ च्या मिशिगनचे काय? फील्डिंग योस्ट यांच्या त्या संघाने ५५० गुण केले आणि प्रतिपक्षांना एकही गुण करू दिला नाही. तरी त्या वर्षी कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत मिशिगनचा कोणीच नव्हता. विली हेस्टन या त्यांच्या असामान्य हाफबॅकला १९०३ पर्यंत थांबावे लागले.

या उपेक्षेतून प्रादेशिक याद्यांना बळ मिळाले. शिकागोच्या वर्तमानपत्रांतून ‘ऑल-वेस्टर्न’, अटलांटा आणि नॅशव्हिलच्या पत्रांतून ‘ऑल-सदर्न’, पुढे पॅसिफिक किनाऱ्याचीही स्वतंत्र यादी. (किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या दोन बड्या विद्यापीठांनी १९०६ साली हा खेळच हिंसक ठरवून सोडला आणि काही वर्षे रग्बी धरली. तिकडच्या यादीवर वेगळा धागा लिहावा लागेल.)

तुम्ही आम्हाला पाहत नसाल, तर आमचे आम्ही पाहू, असा या याद्यांचा बाणा होता.

दक्षिणेत या बाण्याला आणखी एक धार होती. यादवी युद्ध संपून तीस-पस्तीस वर्षेच झाली होती. पराभव, दारिद्र्य आणि उत्तरेविषयीचा कडवटपणा ताजा होता. १८९४ साली व्हॅन्डरबिल्टच्या विल्यम डडली यांच्या पुढाकाराने दक्षिणी विद्यापीठांची क्रीडा संघटना स्थापन झाली. ऑल-सदर्न यादी ही त्या प्रदेशाच्या स्वाभिमानाची वार्षिक जाहीर नोंद ठरली.

मात्र निवडणारे कोण, हे पाहिले की मौज वाटते. ऑबर्न, क्लेमसन आणि जॉर्जिया टेक येथे प्रशिक्षक राहिलेले हाइझमन दक्षिणी अकरा निवडत. म्हणजे स्वतःच्या आणि शत्रूच्या शिष्यांचा निवाडा एकाच लेखणीने! शिकागोत वॉल्टर एकरसॉल हा माजी खेळाडू ‘ट्रिब्यून’मध्ये लिही, ऑल-वेस्टर्न संघ निवडी आणि सामन्यांत पंच म्हणूनही उभा राही. कॅम्प यांच्यावर जो आक्षेप घेतला जाई, तोच दोष प्रांतोप्रांती उतरला होता. फरक एवढाच की प्रांतातला निवडकर्ता निदान सामना पाहून चुकत होता.

नॅशव्हिलमधला निवडकर्ता होता ग्रँटलंड राइस, व्हॅन्डरबिल्टचा १९०१ चा पदवीधर. ज्या ‘टेनेसियन’ दैनिकात तो या याद्या छापी, त्याची स्थापना १९०७ साली ल्यूक ली यांनी केली होती. हे ली म्हणजे १८९९ च्या त्या सवानी संघाचे व्यवस्थापक. तो अचाट रेल्वेदौरा त्यांनीच आखला होता. पुढे ते सिनेटर झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या जर्मन कैसरलाच पकडून आणण्याचा त्यांनी एक अयशस्वी प्रयत्न केला. पुन्हा मूळ विषयाकडे येऊ.

‘ऑल-सदर्न’ यातला ‘ऑल’ किती खरा होता?

विल्यम हेन्री लुइस हा १८६८ साली व्हर्जिनियात जन्मला. त्याचे आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम. जन्माने तो पुरता दक्षिणी. पण तो खेळला उत्तरेत, आधी ॲमहर्स्ट आणि नंतर हार्वर्डकडून. १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षे तो ऑल-अमेरिका संघाचा सेंटर होता. हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ज्या व्हर्जिनियाने त्याला जन्म दिला, तेथील गोऱ्यांच्या विद्यापीठात त्याला प्रवेशच नव्हता. मग दक्षिणी अकरांत नाव येण्याचा प्रश्नच कुठे येतो?

त्याच १८९२ सालच्या २७ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरी गावी बिडल आणि लिव्हिंगस्टन या दोन कृष्णवर्णीय महाविद्यालयांत बर्फाळ मैदानावर सामना झाला. कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. मैदान दक्षिणेचे, खेळाडू दक्षिणेचे. परंतु पुढे निघालेल्या ऑल-सदर्न याद्यांच्या दृष्टीने अशी महाविद्यालये अस्तित्वातच नव्हती. पूर्वेने दक्षिणेला पाहिले नाही त्याचे निदान अंतर हे एक कारण होते. दक्षिणेने आपल्याच गावातल्या या मुलांना पाहिले नाही, त्याला अंतराची सबब नाही.

१९१६ साली रटगर्स विद्यापीठाच्या १५० व्या वर्धापनाच्या उत्सवात व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टन अँड ली संघाशी सामना ठरला. पाहुण्यांनी अट घातली : पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही मैदानात उतरणार नाही. रटगर्सने, उत्तरेतल्या रटगर्सने, ती मान्य केली आणि रोबसनला बाहेर बसवले. पुढे जगप्रसिद्ध गायक-अभिनेता झाला तोच हा रोबसन.

पुढच्या वर्षी हाइझमन यांचा जॉर्जिया टेक संघ अजिंक्य राहिला. पण महायुद्धामुळे कॅम्प यांनी त्या वर्षी नेहमीची यादी बाजूला ठेवून लष्करी छावण्यांतील खेळाडूंचा संघ निवडला. अखेर १९१८ साली जॉर्जिया टेकचा सेंटर ‘बम’ डे कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत आला. दक्षिणेतील विद्यापीठाकडून खेळून तेथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू. व्हर्जिनियाचा लुइस ऑल-अमेरिका संघात आला, त्याला तेव्हा २६ वर्षे झाली होती, आणि डेची जागाही नेमकी लुइसचीच : सेंटर.

त्या १९१८ च्या अकरांत एंडच्या जागी रोबसनचेही नाव होते. दक्षिणेच्या मैदानांवर जे दोघे एका संघात कधीच उभे राहू शकले नसते, ते न्यू हेवनच्या कागदावर शेजारी छापले गेले.

मार्च १९२५ मध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेले असता कॅम्प यांचे निधन झाले. ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकाने ऑल-अमेरिका निवडीचे काम सोपवले ते ग्रँटलंड राइस यांच्याकडे, म्हणजे एकेकाळी नॅशव्हिलच्या दैनिकात ऑल-सदर्न याद्या करणाऱ्या गृहस्थाकडे.

डिसेंबर १९३२ मध्ये दक्षिणेतील तेरा विद्यापीठांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली आणि पुढील हंगामापासून प्रदेशाऐवजी कॉन्फरन्सनिहाय संघ निवडण्याची प्रथा पक्की होत गेली. त्या तेरांत सवानीही होते. तोवर हा खेळ मोठ्या विद्यापीठांचा आणि मोठ्या पैशांचा झाला होता. १९४० च्या अखेरीस सवानी कॉन्फरन्समधून बाहेर पडले. तोपर्यंत तेथे त्यांनी ३७ सामने खेळले होते, आणि सर्वच्या सर्व ३७ गमावले होते.