मिठो लोलो

मिठो लोलो (अनेकवचन : मिठा लोला) ही सिंधी समाजातील गव्हाच्या पिठाची जाड, गोड व खुसखुशीत पोळी होय. 'थदडी' या सणासाठी ती प्रामुख्याने घरोघरी केली जाते. महाराष्ट्रात उल्हासनगर, मुंबई आणि पुणे जिल्ह्यातील पिंपरी येथील सिंधी वस्त्यांत हा पदार्थ परिचित आहे.

कृती

साधारणपणे २ वाट्या कणकेस अर्धी ते पाऊण वाटी गूळ किंवा साखर आणि पाव ते अर्धी वाटी तूप घेतात. घरोघरी हे प्रमाण बदलते. कणकेला प्रथम तुपाचे मोहन चोळतात. गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळतात, त्यात वेलदोड्याची पूड घालून पीठ घट्ट भिजवतात. ते फार मळत नाहीत. मळल्यास चिवटपणा येतो. जाडसर पोळी लाटून तिला सुरीने टोचे देतात व मंद आचेवर तूप सोडून दोन्ही बाजूंनी भाजतात. आच मोठी असल्यास गूळ करपतो आणि आतील भाग कच्चा राहतो.

पाण्याचे अल्प प्रमाण, गूळ व तूप यांमुळे लोलो काही दिवस टिकतो, म्हणून तो प्रवासातही नेतात. मराठी घरांतील दशमी हा त्याचा जवळचा नातलग म्हणता येईल. मात्र दशमीचे पीठ दुधात भिजवतात. कांदा व मिरची घातलेली 'कोकी' ही सिंधी जाड पोळी तिखटमिठाची असते.

थदडी

सिंधी भाषेत 'थधो' म्हणजे थंड. श्रावण वद्य सप्तमीस (पौर्णिमान्त गणनेनुसार भाद्रपद वद्य सप्तमीस) येणाऱ्या या सणाला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेले लोला व इतर पदार्थ दुसऱ्या दिवशी थंडच खातात. सोबत दही असते. हे व्रत देवीच्या रोगापासून मुलांचे रक्षण करणाऱ्या शीतलामातेशी निगडित आहे. त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. सण मात्र चालू राहिला.

पिंपरीतील परंपरा

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरी येथे झाली. हा भाग आजही 'पिंपरी कॅम्प' म्हणून ओळखला जातो. त्या वेळी पिंपरी हे पुणे-मुंबई मार्गावरील लहान गाव होते. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली.

सिंध प्रांत पाकिस्तानात गेल्यामुळे भारतात सिंधी भाषेचे स्वतंत्र राज्य नाही. १९६७ मध्ये या भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तरी तिचा नित्य वापर मुख्यतः घरातच राहिला. अशा परिस्थितीत सणाचे दिवस आणि त्या दिवशीचे पदार्थ परंपरा पुढच्या पिढीकडे सोपवण्याचे साधन ठरतात. लोलोसाठी भट्टी वा खास साचा लागत नाही. पोळपाट, लाटणे, तवा आणि मोहनाचा अंदाज असलेला हात एवढे पुरेसे असते. यांपैकी पहिल्या तीन वस्तू कोठेही मिळतात. चौथी मात्र घरातील वडीलधाऱ्यांकडूनच शिकावी लागते.