मस्तिष्कमेरुद्रवाची दाबन्यूनता

मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती असलेला मस्तिष्कमेरुद्रव घटल्यामुळे उद्भवणाऱ्या विकारास मस्तिष्कमेरुद्रवाची दाबन्यूनता असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो 'इन्ट्राक्रेनियल हायपोटेन्शन' या नावाने ओळखला जातो. उभे राहिले किंवा बसले की डोके दुखू लागणे आणि आडवे झाले की ते थांबणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. लक्षणे डोक्यात जाणवत असली तरी द्रवाची गळती जवळजवळ नेहमीच पाठीच्या कण्यात होत असते. बोलीभाषेत 'प्रेशर कमी झाले' असे म्हणतात ते रक्तदाबाविषयी असते. त्या तक्रारीशी या विकाराचा संबंध नाही.

शरीरक्रिया

मेंदूवर तीन आवरणे असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या जाड आवरणास दृढतानिका म्हणतात. हेच आवरण कण्यातून खाली उतरून मेरुरज्जूभोवती एक लांब पिशवी तयार करते. या आवरणांच्या आत प्रौढ व्यक्तीत सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो. दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष भार जेमतेम ५० ग्रॅम भरतो. द्रव कमी झाला की हा आधार सुटतो, उभे राहताच मेंदू किंचित खाली ओघळतो आणि त्याला धरून असलेल्या वेदनाक्षम आवरणांवर व शिरांवर ताण येतो.

कवटी ताठर असल्याने तिच्या आतील मेंदू, रक्त व द्रव यांचे एकूण आकारमान कायम राहते, हा नियम अलेक्झांडर मन्रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. द्रव घटला की त्याची जागा भरण्यासाठी नीला फुगतात. वेदना आणि पुढील गुंतागुंत यांचा मोठा भाग या एका गोष्टीतून उलगडतो.

कारणे

विकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला वैद्यकीय प्रक्रियेनंतर होणारा. तपासणीसाठी पाठीतून पाणी काढताना, किंवा सिझेरियनसारख्या शस्त्रक्रियेपूर्वी मणक्यात भुलीचे इंजेक्शन देताना, दृढतानिकेला सुईने छिद्र पडते. ते वेळेवर बुजले नाही तर द्रव पाझरत राहतो. अशी डोकेदुखी सहसा पहिल्या पाच दिवसांत सुरू होते व बहुधा दोन आठवड्यांत आपोआप थांबते. सुईच्या टोकाला यात फार महत्त्व आहे. २०१८ साली 'द लान्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनात्मक अभ्यासात जुन्या पद्धतीच्या धारदार सुईने ११ टक्के, तर पेन्सिलीसारख्या बोथट टोकाच्या सुईने ४.२ टक्के रुग्णांना ही डोकेदुखी झाल्याचे आढळले. इंजेक्शननंतर उशी न घेता दिवसभर उताणे पडून राहण्यास सांगण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. परंतु त्यामुळे डोकेदुखी टळते असे चाचण्यांतून दिसून आलेले नाही.

दुसरा प्रकार आपोआप उद्भवणारा. वर्षाला दर लाखामागे सुमारे पाच व्यक्तींना तो होतो, असा अंदाज आहे. स्त्रियांत तो अधिक आढळतो व चाळिशीच्या आसपास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. मणक्यांमधील चकतीवर वाढलेला हाडाचा सूक्ष्म काटा दृढतानिका फाडतो, किंवा मज्जातंतूंच्या मुळाशी आवरणाला फुगा येऊन तो फुटतो. मारफान किंवा एहलर्स-डान्लोस यांसारख्या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकारांत आवरण मुळातच दुबळे असू शकते. तिसरे कारण २०१४ साली प्रथम वर्णिले गेले. त्यात द्रव बाहेर न सांडता थेट शेजारच्या नीलेत जातो, त्यामुळे नेहमीच्या चित्रणात गळतीचा मागमूसही दिसत नाही. नाकातून पाण्यासारखा द्रव गळणे हा कवटीच्या तळाचा वेगळा दोष असून त्यामुळे दाबन्यूनतेची लक्षणे सहसा उद्भवत नाहीत.

लक्षणे

डोके बहुधा मागील बाजूस दुखते. उभे राहिल्यावर काही मिनिटांत, क्वचित काही तासांनी, दुखणे सुरू होते. मान आखडणे, मळमळ, कानात आवाज येणे, पाण्याखालून ऐकल्याप्रमाणे आवाज दबका वाटणे, तोल जाणे ही सोबतची लक्षणे होत. आपोआप झालेल्या गळतीत काही वेळा दुखणे एकाएकी सुरू होते आणि रुग्णाला तो क्षणही आठवतो. महिने लोटले की उभे-आडवे हा भेद पुसट होऊ लागतो, आणि तेथेच निदान चुकते. अर्धशिशी, सायनस, मानेचा मणका, मानसिक ताण अशी नावे देत उपचार होत राहतात. पडून असताना रुग्ण ठणठणीत दिसत असल्यामुळे घरच्यांनाही दुखणे खरे वाटत नाही. बाळंतिणीचे डोके दुखले तर जागरण झाले किंवा कानाला वारा लागला असे समजून कान बांधले जातात व मणक्यात इंजेक्शन दिले होते ही गोष्ट विसरली जाते. 'आडवे झाल्यावर कसे वाटते?' हा एक प्रश्न सुरुवातीलाच विचारला गेला तर यांपैकी बराचसा फेरा चुकतो.

निदान

इंजेक्शननंतरच्या डोकेदुखीचे निदान बहुधा हकिगतीवरूनच होते. आपोआप झालेल्या विकारात गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन मेंदूचा एमआरआय काढतात. दृढतानिका सर्वत्र सारखी उजळलेली, नीला व पीयूषिका ग्रंथी फुगलेल्या आणि मेंदू खाली सरकलेला, अशी खूण त्यात दिसते. तथापि सुमारे एक पंचमांश रुग्णांत हे चित्रण पूर्णतः सामान्य असते. द्रवाचा दाब पाण्याच्या ६० मिलिमीटरपेक्षा कमी असणे ही परंपरागत कसोटी होय, परंतु बऱ्याच रुग्णांत तो मोजला असता सामान्य भरतो. त्यामुळे दोष दाबाचा नसून द्रवाच्या प्रमाणाचा आहे, असे आता मानले जाते. विकाराचे रूढ नाव त्या अर्थाने फसवे आहे. गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी कण्याचे चित्रण करावे लागते.

गुंतागुंत

मेंदू खाली ओढला गेल्याने त्याच्या पृष्ठभागावरून दृढतानिकेकडे जाणाऱ्या नाजूक नीला ताणल्या जातात. आवरणाखाली प्रथम पाणी साचते व नीला तुटल्यास रक्त साचते. या टप्प्यावर होणारी चूक महागात पडू शकते. वृद्धांत डोक्याला मार लागून साचणारे रक्त कवटीला भोके पाडून काढतात, तेच येथेही केले जाते. परंतु खालची गळती चालू असताना वरचे रक्त काढल्यास ते पुन्हा साचू शकते आणि काही रुग्णांत मेंदू अधिकच खाली उतरतो. मार लागल्याचा इतिहास नसताना तरुण अथवा मध्यमवयीन व्यक्तीच्या डोक्यात दोन्ही बाजूंस रक्त साचलेले आढळले, तर गळतीचा विचार आधी व्हावयास हवा.

खाली सरकलेला अनुमस्तिष्काचा भाग पाहून किआरी या जन्मजात दोषाचे निदान होते व अनावश्यक शस्त्रक्रियेची वेळ येते, अशीही उदाहरणे आहेत. सहावी मस्तिष्कचेता ताणली गेल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात. फुगलेल्या नीलांतील मंदावलेल्या प्रवाहामुळे शंभरांत सुमारे दोन रुग्णांत रक्ताची गुठळी होते. बाळंतपणात गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असतो, म्हणून आधी उभे राहिल्यावरच दुखणारे डोके पडून असतानाही सतत दुखू लागले, झटके आले किंवा गुंगी वाढली, तर तातडीने तपासणी आवश्यक ठरते.

मेंदू फारच खाली बसला तर सुस्ती वाढत जाऊन रुग्ण बेशुद्ध होतो. अशा वेळी पलंगाची डोक्याकडील बाजू खाली करणे व कण्यात लवणजल सोडणे हे प्राणरक्षक उपाय होत. काहींत वर्षानुवर्षे चाललेल्या ओढीमुळे विचित्र वागणूक, उदासीनता व विस्मरण दिसते आणि स्मृतिभ्रंश झाल्याची समजूत होते. हा स्मृतिभ्रंश गळती बंद झाल्यास मागे फिरू शकतो, हे विशेष. याउलट, कण्याच्या पुढील बाजूस दीर्घकाळ राहिलेल्या फाटीतून रक्त झिरपत राहिल्यास मेंदूच्या पृष्ठभागावर लोह साचते. त्यामुळे आलेला बहिरेपणा व चालण्यातील अस्थिरता सहसा भरून येत नाही.

इतिहास

हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली जर्मनीतील कील येथे कटिवेधाची पद्धत वर्णिली. त्याच गावी ऑगस्ट बीअर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये मणक्यातून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर व हिल्डेब्रांट या सहायकावर केला. पिचकारी सुईवर नीट न बसल्याने बीअर यांचा बराच द्रव वाहून गेला. पुढे नऊ दिवस त्यांना उठता आले नाही, मात्र आडवे होताच डोके थांबत असे. द्रव गळल्यामुळे हे घडले, हा त्यांचा तर्क बरोबर ठरला. आपोआप होणाऱ्या प्रकाराचे वर्णन गेओर्ग शाल्टेनब्रांट यांनी १९३८ साली केले.

उपचार

सौम्य विकारात विश्रांती, पुरेसे पाणी, वेदनाशामके व कॅफीन यांवर भागते. चहा-कॉफीने मिळणारा आराम तात्पुरता असतो. दुखणे टिकल्यास रुग्णाच्याच दंडातील रक्त घेऊन कण्यात दृढतानिकेच्या बाहेर सोडतात. त्याची गुठळी छिद्रावर थिगळाचे काम करते. सुई घालताना रक्त आलेल्या रुग्णांना डोकेदुखी कमी होते, या निरीक्षणावरून जेम्स गॉर्मली यांनी १९६० साली ही युक्ती काढली. त्यांनी दोन-तीन मिलिलिटर रक्त वापरले होते. आता १० ते २० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक वापरतात. इंजेक्शननंतरच्या डोकेदुखीत बहुतेकांना याने लवकर आराम पडतो. आपोआप झालेल्या गळतीत ते एकाहून अधिक वेळा करावे लागू शकते. तेवढ्याने न भागल्यास जैविक गोंद, शस्त्रक्रियेने टाके किंवा नीलेतून नलिका नेऊन मार्ग बंद करणे, हे पर्याय असतात. थिगळानंतर काही आठवडे वाकणे, पिळणे व भरलेल्या बादलीसारखे वजन उचलणे टाळावयास सांगतात.

गळती बंद झाल्यावर काही रुग्णांचे डोके पुन्हा दुखू लागते. आता मात्र दुखणे कपाळात किंवा डोळ्यांमागे असते आणि पडल्यावर वाढते. कमी द्रवाला सरावलेल्या कवटीत दाब उलट वाढल्याचे हे लक्षण असून त्यावर ॲसिटाझोलामाइड देतात. ही जुनीच गळती समजून पुन्हा रक्ताचे थिगळ लावल्यास त्रास वाढतो.